वातड ब्रिस्केट: जास्त नाही, कमी शिजलं

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं. अंगणात २२ इंची केटल ग्रिल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी. दुकानातून आणलेला साडेपाच पौंडांचा, चरबी काढून साफ केलेला ब्रिस्केटचा, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचा, खालचा सपाट भाग, फ्लॅट. पाच तास धूर दिला, आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइटवर जाऊन अडकलं, दीड तास काटा हललाच नाही. मांस कोरडं पडेल या भीतीने तुम्ही ते काढलं, कापलं, आणि पाहुण्यांना चावता चावेना. आता तुमचा प्रश्न: पुढच्या वेळी चार तासांतच काढू का?

नको. पुढच्या वेळी आणखी तीन-चार तास ठेवा.

तुमचं मांस जास्त शिजून वातड झालं नाही, ते शिजलंच नव्हतं. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्या घरात प्रत्येकाला ठाऊक असते. रविवारी मटण चावेना झालं तर ‘जास्त शिजलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘अजून दोन शिट्ट्या काढ’ म्हणतात. मग आपण अमेरिकेत येतो, स्टेक खायला शिकतो, आणि स्टेकचा नियम (जास्त वेळ ठेवलं की वातड) सगळ्या मांसाला लावत सुटतो. स्टेक कापतात तो पाठीकडचा भाग. त्या स्नायूंना जनावर फारसं कामाला लावत नाही. ब्रिस्केट म्हणजे छाती. गाईगुरांना आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं, त्यामुळे उभ्या जनावराचं निम्म्याहून जास्त वजन छातीचे हे स्नायू तोलून धरतात. जन्मभर कष्ट केलेला भाग तो. त्यात कोलॅजेन ठासून भरलेलं असतं.

हे कोलॅजेन काय चीज आहे ते पाहायचं तर पाया आठवा. पायाचं सूप गार झालं की वाटीत थरथरतं ना, ते कोलॅजेन वितळून झालेलं जिलेटिन. ब्रिस्केटमध्ये नेमकं तेच घडवून आणायचं असतं, फक्त पाण्यात न उकळता. मी अंश म्हणतो ते सगळे फॅरनहाइट. १४० अंशांच्या आसपास हे कोलॅजेन आकसायला लागतं आणि ओला कपडा पिळावा तसं मांसातलं पाणी बाहेर काढतं. ते विरघळायला सुरुवात होते १६० च्या पुढे, आणि खरा वेग धरतं १८० च्या वर. म्हणजे १६५ ला मांसाची अवस्था सगळ्यात वाईट असते: पाणी गेलेलं, आणि त्या बदल्यात मिळायचं ते जिलेटिन अजून तयार झालेलं नाही. तुम्हाला जायचं होतं कर्जतला आणि गाडी जरा जास्त वेळ थांबली म्हणून तुम्ही कल्याणला उतरलात.

आता तो अडकलेला काटा. याला इथले लोक ‘स्टॉल’ म्हणतात आणि पहिल्या खेपेला तो प्रत्येकाला रडवतो. १५० ते १७० च्या दरम्यान कुठेतरी तापमान चढायचं थांबतं, कधी दोन तास, कधी चार. पूर्वी लोक सांगायचे की सगळी उष्णता कोलॅजेन वितळवण्यात खर्च होते. तसं नाही. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज आणि नुसत्या चरबीचा गोळा स्मोकरमध्ये, म्हणजे धूर द्यायच्या शेगडीत, ठेवून पाहिला. चरबी तापत गेली, स्पंज अडकला. स्पंजमध्ये कुठलं आलंय कोलॅजेन! कारण आपल्या माठाचं आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, आत पाणी गार. ब्रिस्केटही तसंच घामेजतं, आणि जितकी धग तुम्ही देता तितकी तो घाम सुकण्यात निघून जाते. पृष्ठभाग कोरडा होत आला की काटा आपोआप पुन्हा चढू लागतो. काही बिघडलेलं नसतं.

घाई असेल तर माठ गुंडाळायचा. वारा लागला नाही की पाझर उडत नाही. दोन पर्याय: अॅल्युमिनियम फॉइल किंवा बुचर पेपर, म्हणजे मेण वा प्लास्टिकचा लेप नसलेला जाड गुलाबी-तपकिरी कागद. फॉइलने काम लवकर होतं, पण बार्क, म्हणजे वरची काळी खरपूस साल, वाफेने मऊ पडते. कागद थोडा श्वास घेतो, साल टिकते. ऑस्टिनच्या अॅरन फ्रँकलिनने २००९ मध्ये एका ट्रेलरमधून बार्बेक्यू विकायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड हा इथला स्वयंपाकातला मोठा पुरस्कार मिळाला. कागदात गुंडाळायची पद्धत घरोघरी पोचली ती बरीचशी त्याच्यामुळे. तुमच्यासारखा नुसता फ्लॅट असेल तर मात्र मी बिनदिक्कत फॉइल वापरतो. फ्लॅटमध्ये चरबी इतकी कमी की सालीपेक्षा ओलावा वाचवणं महत्त्वाचं. कधी गुंडाळायचं हे तापमानावरून ठरवू नका, सालीवरून ठरवा. नखाने हलकं खरवडून पाहा. मसाला निघून आला तर अजून वेळ आहे. घट्ट धरून बसला असेल आणि रंग काळपट महोगनी झाला असेल, तर गुंडाळा.

आणि एक गुपित, जे सांगितलं की इथले कट्टर लोक नाक मुरडतात. एकदा गुंडाळलं की धूर आत जात नाही. मग ते केटलवर ठेवा नाहीतर स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २५० वर, मांसाला कळत नाही. पहाटे तीनला कोळसे ढोसत बसण्यापेक्षा मी ओव्हन लावतो आणि झोपतो.

तुमची दुसरी चूक दुकानातच झाली होती, आणि ती तुमची म्हणता येणार नाही, कारण बहुतेक दुकानं हेच विकतात. अख्ख्या ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असतात: खालचा सपाट, कमी चरबीचा फ्लॅट, आणि त्यावर बसलेला जाड, चरबीने भरलेला पॉइंट. मध्ये चरबीचा थर. अख्खा तुकडा मागायचा तर ‘पॅकर’ म्हणायचं; १२ ते १६ पौंड भरतो. नुसता फ्लॅट घेणं म्हणजे जोडप्यातला रुक्ष माणूस तेवढा घरी आणणं. घ्यायचाच असेल तर वरची चरबी शाबूत असलेला मागा. प्रतीचा शिक्का बघा. सिलेक्ट सोडून द्या, चॉइस चालेल, प्राइम परवडला तर उत्तम. (मार्चमध्ये दुकानात ‘कॉर्न्ड बीफ’ नावाचे ब्रिस्केट ढिगाने येतात. ते आधीच खारवलेले असतात. माझ्या एका शेजाऱ्याने त्यावर वरून आणखी मीठ चोळलं होतं. समुद्र बरा.)

पण माझं ऐकाल तर पुढच्या शनिवारी ब्रिस्केट करूच नका. चक रोस्ट आणा, खांद्याचा, तीन-चार पौंडांचा, जाडजूड. स्वस्त, चरबी सगळीकडे सारखी पसरलेली, कोलॅजेन भरपूर, आणि केटलवर सहा-सात तासांत होतो. चुका पोटात घालतो. असे तीन चक झाले की तुमचा हात बसेल, मग पॅकरच्या वाटेला जा. मी उलट केलं. मूळचा वसईचा, घरात बीफ लहानपणापासून, त्यामुळे वाटलं आपल्याला काय शिकवायचंय! पहिल्याच खेपेला १४ पौंडांचा पॅकर आणला, आणि रात्री नऊला पाहुण्यांसाठी पिझ्झा मागवला.

त्या दिवशी माझं बिघडलं होतं ते धुरात. म्हणून विस्तव आणि धूर यावर जरा थांबतो, कारण केटलवर सगळं कौशल्य तिथेच आहे.

ही केटल मुळात धुरासाठी बनलेलीच नाही. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीव्हनने बोया (पाण्यात तरंगणाऱ्या खुणा) करायचे धातूचे अर्धगोल घेऊन वाऱ्यापावसात चालेल अशी झाकणाची शेगडी केली. झाकण आणि वर-खाली व्हेंट, म्हणजे हवेच्या झडपा, असल्यामुळे ती हळू चालवता येते, एवढंच. फक्त कोळसे एकदम ओतून पेटवायचे नाहीत. फटाक्यांची माळ आठवा: एक टोक पेटवलं की बाकीचे आपापल्या पाळीने. ब्रिकेट, म्हणजे कोळशाचे दाबून केलेले ठोकळे, कडेकडेने दोन-दोनच्या रांगेत मांडा, त्यावर आणखी दोनांचा थर, केटलचा पाऊण घेर होईल इतपत. माळेच्या सुरुवातीच्या अर्ध्या भागावर लाकडाचे मुठीएवढे चार-पाच तुकडे ठेवा. आठ-दहा ब्रिकेट चिमणीत (कोळसे पेटवायच्या धातूच्या नळकांड्यात) पेटवून, पांढरी राख धरली की एका टोकाला टेकवा. पेट्रोलसारखा वास येणारं ते पेटवायचं द्रव चुकूनही नको, तो वास मांसात उतरतो. मधल्या मोकळ्या जागेत फॉइलच्या ट्रेमध्ये गरम पाणी. त्यावर जाळी, जाळीवर मांस, जाड बाजू पेटत्या कोळशांकडे. अशी माळ आठ ते दहा तास चालते, वारा नसेल तर.

वरचा व्हेंट मांसाच्या बाजूला आणि निदान अर्धा उघडा, म्हणजे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडतो. तापमान खालच्या व्हेंटने सांभाळायचं. सुरुवातीला तो पाव उघडा ठेवा. तापलेली केटल गार करणं फार कठीण, म्हणून २०० ला पोचतानाच खालचं आवळायला लागा. मला जाळीपाशी २५० हवे असतात. २२५ हा आकडा लोक मंत्रासारखा म्हणतात, पण केटलवर त्या आकड्याला कोळसे गुदमरतात आणि धूर खराब होतो. २७५ पर्यंत गेलं तरी घाबरू नका.

‘जाळीपाशी’ म्हणालो ते मुद्दाम. झाकणावरचा गोल काटा वरची हवा मोजतो, मांसाच्या उंचीवरची नाही. २५-३० अंशांचा फरक सहज असतो. दोन सळयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या, एक सळई जाळीवर, एक मांसात. उकळत्या पाण्यात घालून तपासा: २१२ दाखवला पाहिजे. डेन्व्हरला राहत असाल तर २०२ च्या आसपास, तिथे उंचीमुळे पाणी लवकर उकळतं.

झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलंत की उष्णता जाते हे सगळ्यांना कळतं. पण त्याच वेळी कोळशांना भरपूर हवा मिळते आणि बंद केल्यावर केटल पूर्वीपेक्षा जास्त भडकते, हे लक्षात येत नाही. मग व्हेंट आवळा, मग विझायला आलं म्हणून सोडा, असा दिवसभर झोपाळा. पहिले तीन तास हात खिशात ठेवा.

आता धूर. गावी न्हाणीघरातला बंब पेटवताना पाहिलाय? आधी डोळे चुरचुरवणारा दाट पांढरा धूर, आणि जाळ धरला की जवळजवळ दिसेनासा. मांसावर हवा तो दुसरा. पातळ, निळसर, उन्हात जेमतेम दिसणारा. पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही. त्यातली काजळी आणि डांबरासारखी कडू द्रव्यं मांसावर बसतात. माझ्या पिझ्झाच्या रात्रीचं कारण हेच. पाकिटावर लिहिलं होतं म्हणून मी लाकडाच्या चिपा तासभर पाण्यात भिजवल्या होत्या. पाणी लाकडात आत शिरत नाही, वर बसतं. ते आधी वाफ होऊन उडतं, कोळसे गार पडतात, आणि लाकूड धुमसत राहतं. खाल्लेल्यांच्या जिभा बधिर झाल्या. लाकूड सुकं हवं आणि तुकडे मोठे हवेत. केटलमधून पांढरे लोट निघत असतील तर मांस आत ठेवू नका, अर्धा तास थांबा.

कुठलं लाकूड? मध्य टेक्ससमध्ये पोस्ट ओक, दुसरं काही नाही. तुमच्याकडे हिकरी किंवा पीकॅन मिळेल, दोन्ही चांगली. मेस्किट जपून, त्याचा धूर तिखट. मेस्किटचं झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओळखीचं वाटलं आणि होतंही: आपल्याकडे माळावर आणि रेल्वेच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली, प्रोसोपिसच. पाइन किंवा रंग दिलेलं लाकूड मात्र कधीही नाही.

पाऊस आला तर केटल ओढून गॅरेजमध्ये नेण्याचा मोह होतो. नेऊ नका, दार उघडं ठेवूनही नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि जीव घेतो.

मसाल्याबद्दल तुम्ही तीन परिच्छेद लिहिलेत, मी दोन वाक्यांत उरकतो. जाडसर भरडलेली काळी मिरी आणि कोशर, म्हणजे जाड दाण्याचं, मीठ, आदल्या रात्री मीठ (पौंडाला अर्धा छोटा चमचा), सकाळी मिरी. गरम मसाला, आलं-लसूण, दही काही नको. आठ तासांच्या धुरात लसूण जळून कडवट होतो. चरबी छाटायची ती मांस फ्रिजमधून काढल्या काढल्या, गार आणि घट्ट असताना. वर पाव इंच ठेवा. फ्लॅट आणि पॉइंटच्या मधला जो कडक पांढरा गठ्ठा असतो तो बारा तासांतही वितळत नाही, तो कोरून काढा.

हा साधेपणा इथल्या इतिहासातून आलाय. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक मध्य टेक्ससमध्ये आले, त्यांनी खाटिकाची दुकानं काढली, आणि न खपलेलं मांस मागच्या अंगणात विटांच्या भट्टीवर धुरावून विकलं. गिऱ्हाईक कापूस वेचणारे मजूर. कागदावर मांस, सोबत क्रॅकर, काटा-चमचा नाही. लॉकहार्टचं क्रॉइट्झ मार्केट १९०० पासून आहे, टेलरचं लुई म्युलर १९४९ पासून. डॅलसहून ऑस्टिनकडे येताना थोडी वाट वाकडी केली की टेलर लागतं. एकदा या, पॉइंटकडचा एक तुकडा मागून घ्या. कुठे पोचायचंय ते जिभेला कळलं की निम्मं काम होतं.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? लोक २०३ अंश सांगतात. मी १९५ ला सळई टोचायला सुरुवात करतो. उकडलेल्या रताळ्यात काडी जाते तशी सळई फ्लॅटच्या सगळ्यात जाड भागात गेली पाहिजे, विनाअडथळा. एखादं ब्रिस्केट १९७ ला होतं, एखादं २०८ पर्यंत हट्ट धरतं. घड्याळ तर अजिबात विचारू नका. पौंडाला तास ते दीड तास हा पाहुणे कधी बोलवायचे यासाठीचा अंदाज, शिजल्याचा पुरावा नाही. म्हणून पाहुण्यांच्या तीन तास आधी होईल असं धरून सुरू करा. लवकर झालं तर काही बिघडत नाही, उलट बरंच.

कारण मुरायला वेळ लागतोच. काढल्यावर गुंडाळी पंधरा मिनिटं उघडी ठेवा म्हणजे शिजणं थांबेल, मग पुन्हा बंद करून जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि रिकाम्या कूलरमध्ये, बर्फाशिवाय. निदान दीड-दोन तास. जिलेटिन थोडं दाट होतं आणि कापताना रस पाटावर वाहून जात नाही. आतलं तापमान १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्याखाली जंतूंना मोकळं रान. १५० च्या आसपास आलं की कापा.

कापताना धागे आडवे तोडायचे, पेन्सिलीच्या जाडीचे काप. फ्लॅट आणि पॉइंटचे धागे वेगवेगळ्या दिशांना धावतात, म्हणून पॅकर असेल तर मध्ये तोडून पॉइंट वळवून घ्या. शिजल्यावर सालीखाली दिशा दिसत नाही. कच्चं असतानाच फ्लॅटचा एक कोपरा धाग्यांच्या आडवा कापून खूण करून ठेवा. मांसाच्या कडेला गुलाबी रेघ दिसेल, तिला कच्चेपणा समजू नका. धुरातले वायू मांसाच्या लाल रंगद्रव्याशी जोडले जातात, त्याचा तो रंग. लोक त्याचे फोटो काढतात. चवीशी संबंध शून्य.

तुमचा शेवटचा प्रश्न, गाईचं न खाणाऱ्या मित्रांचा. माझ्याकडे जमणाऱ्या मराठी मंडळींत निम्मे तसेच आहेत. मी दुसरी शेगडी, दुसरा चिमटा, दुसरा पाट ठेवतो, आणि कुठल्या शेगडीवर काय आहे ते आल्या आल्या सांगून टाकतो. त्यांच्यासाठी बोकडाचा खांदा याच पद्धतीने होतो, कोलॅजेनचं गणित तेच. फक्त लवकर गुंडाळा, चरबी कमी असते. तुमचे भाऊ पुण्यात हे करून बघणार म्हणताय, तर महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंची कत्तलही कायद्याने बंद आहे. त्यांना म्हशीचं घ्यावं लागेल, आणि तेही कमी चरबीचं.

त्या उरलेल्या वातड फ्लॅटचं काय केलंत? टाकला नसेल तर दोन इंची तुकडे करा, पातेल्यात कांदा, आमच्या वसईकडचा बाटली मसाला आणि बटाटे घालून बुडेल इतकं पाणी, मंद आचेवर अडीच तास. पाणी आटलं तर गरम पाणीच घाला. पाव नसेल तर टॉर्टियाशी खा.